कोणाचा डोळा आधी सुजला

तबेल्याचं फाटक ढकलून मी आत पाऊल टाकलं आणि माझ्या तोंडून अशी शिवी निघाली की मागून येणारा आमच्या खात्याचा बंदूकवालाही चपापला. त्यानं माझ्याबरोबर बरीच वर्षं काढली आहेत, माझ्या शिव्या त्याला तोंडपाठ आहेत. ही त्याला नवीन होती.

सात घोडी ओळीनं बांधलेली होती आणि सातांचीही तोंडं फोडून ठेवली होती. पापण्या टरटरून सुजलेल्या, डोळ्यांच्या नुसत्या फटी उरलेल्या. एकाच्या डोळ्यावरची कातडी फाटून खाली लोंबत होती. नाकांतून रक्त ठिबकून गवतावर काळं पडलं होतं. वकील नावाचा तांबडा घोडा एरवी दिसेल त्याला चावायला धावतो, म्हणून तर त्याचं नाव वकील. तो माझ्या पायांचा आवाज ऐकून भिंतीत तोंड खुपसून थरथरायला लागला.

मामा पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसला होता. पायाशी जाड रबरी नळीचा तुकडा पडला होता. तो लपवायचेही कष्ट त्यानं घेतले नव्हते.

"आलीस?" तो म्हणाला. "वाच आता डोळे."

मी जनावरांची डॉक्टर. त्या डोळ्यांत मला काय वाचायचं होतं ते मामाला नीट ठाऊक होतं, कारण दोन दिवसांपूर्वी मीच त्याला समोर बसवून समजावलं होतं.

मामाचा एकुलता एक मुलगा बारक्या. नाव बारक्या, पण दारातून आत येताना वाकावं लागतं असा गडी. मी त्याला कडेवर घेऊन वाढवलाय, माझ्या कमरेचं दुखणं मी आजही त्याच्या नावावर टाकते. विटा वाहणाऱ्या या घोड्यांचं सगळं तोच बघायचा. खरारा करणं, नाल ठोकून आणणं, विटांच्या धुळीनं वाहणारी नाकं पुसणं, सगळं. तो तापानं फणफणून रुग्णालयात पडला. न्यूमोनिया, असं तिथला डॉक्टर म्हणाला. औषधं चालू होती, ताप हटत नव्हता. मी भेटायला गेले तेव्हा त्याचा हात चादरीबाहेर होता आणि मनगटापासून कोपरापर्यंत एका रेषेत गाठी आल्या होत्या. एक फुटून वाहत होती. अशी गाठींची रांग मी आधी पाहिली होती, पण माणसाच्या हातावर नाही, घोड्याच्या पायावर.

ग्लँडर्स हा घोड्यांचा जुना हरामखोर रोग. त्याचे जंतू घोड्याच्या नाकात, फुप्फुसात, कातडीखाली घर करतात आणि ते नाक पुसणाऱ्या माणसालाही सोडत नाहीत. माणसाला तो इतका क्वचित होतो की कुणाच्या मनातही येत नाही, आणि मनात येईपर्यंत माणूस गेलेला असतो. मी डॉक्टरला तसं सांगितलं. तो भला माणूस होता, पण त्याचेही हात बांधलेले होते.

"यावरचं औषध आमच्याकडे नाही," तो म्हणाला. "ते मोठ्या रुग्णालयात आहे, आणि ठेवायला वेगळी खोलीही तिथेच आहे. नुसत्या संशयावर ते त्याला दारात उभा करणार नाहीत. रक्ताचा निकाल यायला आठवडा जाईल, तेवढा वेळ याच्याकडे नाही. तुम्ही मला एका घोड्यात तरी सापडलं म्हणून ठामपणे सांगा. त्याच मिनिटाला मी गाडी काढतो."

घोड्यात ते शोधायची एक साधी पद्धत आहे. एका डोळ्याच्या खालच्या पापणीत चाचणीचं औषध टोचायचं आणि दोन दिवस थांबायचं. निरोगी घोड्याला काही होत नाही. रोगी घोड्याचा तेवढाच डोळा सुजून बंद होतो, त्यातून पू येतो. मग त्या घोड्याला गोळी घालायची, कारण या रोगातून त्याला बरं करायची परवानगी नाही. सातही घोड्यांना ते टोचताना हे सगळं मी मामाला सांगितलं. बारक्याचंही सांगितलं. मामा हसला होता.

"घोड्याचा रोग माणसाला होत असता तर मी केव्हाच वर गेलो असतो. पावसात भिजला तो. त्यात तुला काय दिसलं, तर घोडे!"

आणि आता सात घोड्यांचे चौदाही डोळे सुजलेले होते. औषधानं सुजलेला कुठला आणि नळीनं सुजलेला कुठला हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मी एकेक तोंड हातात धरून पाहिलं. पू, रक्त, पाणी सगळं एकत्र झालं होतं. प्रत्येक नाक फुटलेलं, त्यामुळे कुणाचं आधीपासून वाहत होतं तेही कळायची सोय नव्हती. मामानं काम मन लावून केलं होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी नळी उचलली आणि मामाच्या खांद्यावर एक सणसणीत ओढली. मग दुसरी. ज्या माणसानं मला सायकल शिकवली त्याला मी जनावरासारखी मारत होते आणि मला त्या क्षणी बरं वाटत होतं, हेही सांगून टाकते. बंदूकवाल्यानं मागून माझे दंड धरले तेव्हा तिसरी टाकीवर बसली.

मामा जागचा हललासुद्धा नाही. "मार," तो म्हणाला. "मला हवं तेवढं मार. घोड्यांना गोळी नाही."

"अरे, पोरगा मरतोय तुझा!"

"त्याला न्यूमोनिया झालाय. डॉक्टर म्हणाला. माणसांचा डॉक्टर."

मामी घराच्या दारात उभी होती. तबेला आणि घर एकाच अंगणात, मधे फक्त टाकी. तिचे डोळेही सुजलेले होते, पण ते रडून. मामासमोर तिनं तोंड उघडलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. माहेरी जायचं असलं तरी ती बारक्याकरवी विचारायची.

मी नळी फेकली आणि मामाच्या समोर उकिडवी बसले. ओरडून काही होणार नव्हतं.

"मामा, ऐक. तू मारायला सुरुवात केलीस त्याआधी डोळे पाहिले असशीलच. त्याशिवाय तू मारलंच नसतंस. एखादा सुजलेला होता, म्हणून तू सगळ्यांना झोडपलंस. बरोबर?"

त्यानं तोंड टाकीकडे फिरवलं.

"मला तो एक सांग. बाकीच्या सहांना मी आज हात लावत नाही. तो एक मारून, फाडून, आत काय आहे ते मी डोळ्यांनी पाहते आणि डॉक्टरला फोन करते. तुझं म्हणणं खरं निघालं तर मी सगळ्यांसमोर तुझे पाय धरीन. पण सांग. कोणाचा डोळा आधी सुजला?"

मामानं ओळीवर नजर फिरवली. या टोकाला वकील, त्या टोकाला काजळी नावाची काळी घोडी, मधे बाकीचे. त्याची नजर फार वेळ कुठेच थांबली नाही.

"आजोबा," तो म्हणाला.

आजोबा म्हणजे तबेल्यातला सगळ्यात म्हातारा घोडा. पाठ झोळीसारखी खाली गेलेली, दात झिजलेले, जरा चढ लागला की खोकायचा. मला लगेच पटलं. मी त्याला पाहताच मनात आधी तेच म्हटलं होतं.

खरं तर अशा जनावराला उघडायचंच नसतं. मारायचं, चुना टाकायचा, खोल पुरायचं, हा नियम, आणि नियम शहाण्या माणसांनी केलेला आहे, कारण फुप्फुस कापलं की जंतू हवेत उडतात. मी बंदूकवाल्याला म्हटलं, "तू गोळी घाल आणि फाटकाबाहेर जा. पुढचं माझं मी बघते."

"तुम्हाला एकटीला बरगड्या उचकटता येणार आहेत का?" तो म्हणाला आणि मास्क चढवायला लागला. तो सहसा बोलतच नाही. बोलतो तेव्हा असं काहीतरी बोलतो.

आजोबा मुकाट चालत आला. त्याला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं, तरी मागच्या आवाराची वाट त्याला ठाऊक होती. बंदूकवाल्यानं त्याच्या कपाळावर बंदुकीची नळी टेकवली तेव्हा त्यानं तिला हुंगलं, खायला काही आहे का म्हणून. गोळी सुटली आणि चारही पाय एकदम गेल्यासारखा तो खाली बसला आणि कुशीवर कलंडला. आत तबेल्यात बाकीच्यांनी दोर ताणून नुसता कल्लोळ केला.

दोन हातमोजे, चष्मा, मास्क, पायांपर्यंत झगा. मी छाती उघडली. बंदूकवाल्यानं बरगड्या करवतीनं कापल्या आणि दोन्ही हातांनी ओढून धरल्या. वाफ निघाली, चष्म्यावर धुकं आलं. मी फुप्फुसं बाहेर घेतली आणि बोटांनी दाबत गेले. मऊ. सगळीकडे मऊ. विटांच्या धुळीचे काळे ठिपके होते, एवढंच. मग आम्ही डोकं कापून वेगळं केलं आणि नाक उभं चिरलं. आतलं पातळ कातडं मारानं लाल झालं होतं, पण त्यावर जखम नव्हती. व्रण नव्हता, गाठ नव्हती. म्हातारा आणखी चार वर्षं जगला असता.

मी मोजे काढले, हात औषधाच्या पाण्यानं धुतले आणि अंगणात येऊन डॉक्टरला फोन लावला. हात ओलेच होते म्हणून फोन कट्ट्यावर ठेवून स्पीकर सुरू केला.

"स्वच्छ आहे," मी म्हटलं. "फुप्फुसात काही नाही."

"सांगितलं होतं ना!" मामा उठून उभाच राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती पाहून मला क्षणभर त्याची दया आली. माझ्याही मनात आलं, की चुकलेच असेन मी. चुकले असेन तर देव पावला.

"मग हा विचार आपण सोडून देऊ," फोनमधून डॉक्टर म्हणाला. "आहे तेच औषध चालू ठेवतो. पण तुमच्यापासून लपवत नाही, ते लागू पडत नाहीये. सकाळपासून त्याचा श्वास आणखी वाढलाय. घरच्यांना बोलावून घ्या."

फोन बंद झाला. मामी दारातून अंगणात आली.

"बोलावून घ्या म्हणजे काय गं?" तिनं मला विचारलं.

मी खाली पाहिलं.

मामीनं टाकीजवळची लोखंडी बादली उचलली. मला वाटलं, पाणी भरतेय. तिनं ती दोन्ही हातांनी मागे नेली आणि मामाच्या डोक्यात घातली. असा आवाज झाला की घोडी पुन्हा उधळली. मामा गुडघ्यांवर आला, कपाळावरून रक्ताची धार लागली. तिनं बादली पुन्हा उगारली.

"सांग तिला," मामी म्हणाली. आवाज अगदी हळू होता. "पहाटे कंदील घेऊन गेलास तेव्हा पहिली नळी कोणाला घातलीस ते सांग. मी खिडकीत होते. बाकीचे टकाटका बघत होते तुझ्याकडे. एकटीचाच डोळा मिटला होता. सांग, नाहीतर आज तुलाही पुरते त्या आजोबाबरोबर."

"काजळी," मामा म्हणाला.

बादली दुसऱ्यांदा बसली, खांद्यावर. मग मामीनं ती टाकून दिली.

"त्यानंच सांगितलं होतं मला," मामा जमिनीकडे बघत बोलायला लागला. "बारक्यानं. रुग्णालयात नेताना माझा हात धरून म्हणाला, बाबा, काजळीला काही होऊ देऊ नको. शिंगरू होती तेव्हापासून त्यानं बाटलीनं दूध पाजलंय तिला. तिच्या अंगाला टेकून झोपायचा. तो घरी आला आणि ती नसली, तर मी काय तोंड दाखवू?"

"आणि तो घरी आलाच नाही तर?" मी ओरडले. "तुला कळतंय का रे? त्या म्हाताऱ्याला तू फुकट मारायला लावलंस! माझ्या हातून! आणि आता मी त्या डॉक्टरला सांगून बसलेय की रोग नाही!"

मामानं सदऱ्याच्या बाहीनं डोळ्यावरचं रक्त पुसलं आणि उठला. कुणी काही म्हणायच्या आत तो आत गेला आणि काजळीचा दोर सोडला. ती त्याच्या वासानंच बिथरली. पहाटेचा मार ती विसरली नव्हती. त्यानं तिला ओढत आणलं, ती मागे रेटत होती, तिचे खूर फरशीवरून घसरत होते. मी त्याच्या तोंडावर मास्क बांधला आणि मोजे चढवले. तो लहान मुलासारखा हात पुढे करून उभा राहिला.

"दोर माझ्याकडे द्या," बंदूकवाला म्हणाला. "तुम्ही बाजूला व्हा."

"मी धरतो. दुसऱ्या कुणापाशी ती उभी राहणार नाही."

ती त्याच्यापाशीही उभी राहिली नाही. नळी कपाळाला लागताच तिनं मान झटकली आणि गोळी डोळ्याखाली घुसून गालातून बाहेर पडली. घोडी किंचाळली. घोडं किंचाळतं तेव्हा ऐकणाऱ्याचं रक्त गोठतं, त्याची सवय मला इतक्या वर्षांत झालेली नाही. ती मागच्या पायांवर उभी राहिली, मामाला दोरासकट उचललं आणि भिंतीवर आपटलं. त्यानं दोर सोडला नाही. ती त्याला आवारभर फरफटत होती, तिचं रक्त त्याच्या अंगावर उडत होतं आणि तो ओरडत होता, "मार! मार ना लवकर! बघतोस काय, मार!" तिसऱ्या फेऱ्याला ती आजोबाच्या धडाला अडखळली. बंदूकवाल्यानं तिच्या कानामागे नळी टेकवून चाप ओढला. ती मामाच्या पायांवरच कोसळली आणि त्याला ओढून काढायला आम्हा दोघांना जोर लावावा लागला.

काजळीची छाती उघडल्यावर दाबून बघायची गरजच पडली नाही. फुप्फुसभर वाटाण्याएवढ्या कडक गाठी होत्या. एक कापली, आत घट्ट पिवळा पू. नाक चिरलं तर आतल्या पडद्यावर व्रणच व्रण, काही नवे, काही भरून आलेले, चांदणीच्या आकाराचे. आजार फार दिवसांचा होता. बारक्या रोज तेच नाक आपल्या हातांनी पुसत होता.

मी रक्तानं माखलेल्या मोज्यांसकट उभी राहिले. मामीनं फोन लावून माझ्या कानाजवळ धरला.

"होय," मी म्हटलं. "दुसऱ्या घोडीत आहे. मघाशी सांगितलं ते चुकीच्या घोड्याचं होतं. आहे. मी लिहून देते, सही करते, माझी नोकरी पणाला लावते, पण गाडी काढा."

"काढली," डॉक्टर म्हणाला.

बारक्याला हलवलं त्या दिवशी तो शुद्धीत नव्हता. पुढे त्याच्या छातीतून दोनदा पू काढावा लागला, हातावरच्या गाठी चिराव्या लागल्या. उरलेल्या पाच घोड्यांची रक्तं तपासली, ती स्वच्छ निघाली. वकीलचा एक डोळा मात्र कायमचा गेला. आम्हा सगळ्यांनाही औषधाच्या गोळ्या घ्याव्या लागल्या. मामा रोज मोठ्या रुग्णालयात जायचा आणि वेगळ्या खोलीच्या काचेबाहेर, डोक्याला पट्टी बांधून, उभा राहायचा. मी त्याच्याशी बोलत नव्हते. मामीही बोलत नव्हती. डबा तेवढा द्यायची.

बारक्याला जाग आली तेव्हा तो नुसता छताकडे बघायचा. ताप उतरला होता, पण त्याच्यात त्राण म्हणून उरलं नव्हतं. नर्स त्याला चमच्यानं पाणी पाजायची. तिथल्या डॉक्टरीणबाई रोज म्हणायच्या, हात हलवून दाखव, आणि त्याची बोटं चादरीवर जराशी वळवळायची. तो स्वतःहून प्रयत्नच करत नाही, असं त्या म्हणाल्या. औषधानं आपलं काम केलंय, आता त्यानं करायला हवं. आम्ही तिघं काचेबाहेर उभे होतो त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा मान वळवली. बापाला पाहिलं. ओठ हलले. आवाज पोचत नव्हता म्हणून नर्सनं खोलीतला माइक सुरू केला.

"बाबा, काजळी कशी आहे?"

मामीनं डोळे मिटले. मी मामाकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा खोटं बोलणार. बोलू दे, मी मनात म्हटलं, एवढं एक खोटं चालेल.

"गेली," मामा काचेबाहेरच्या माइकचं बटण दाबून म्हणाला. "तिच्यातच रोग होता. मीच धरली होती. आणि आजोबापण गेला. त्याला काही झालं नव्हतं. मी खोटं सांगितलं, म्हणून गेला. सगळ्यांना मीच मारलं, बारक्या. रबरी नळीनं."

बारक्या त्याच्याकडे बघत राहिला. त्याचं तोंड वाकडं झालं. छाती वरखाली व्हायला लागली, यंत्र टिकटिक करायला लागलं, नर्स पुढे धावली. तेवढ्यात त्याचा हात चादरीवरून उचलला गेला, थरथरत बाजूच्या टेबलापर्यंत पोचला, आणि त्यानं तिथला स्टीलचा पेला उचलून बापाच्या तोंडावर फेकला. पेला काचेवर आपटून खणकन खाली पडला. काचेवरून पाणी ओघळलं.

मी दचकून मागे सरले. मामीनं मामाचा दंड घट्ट पकडला. कितीतरी दिवसांनी ती त्याला शिवली होती.

"हात उचलला त्यानं," ती म्हणाली. "अहो, हात उचलला!"

मामा काचेला कपाळ टेकून उभा होता. तो ओक्साबोक्शी रडत होता आणि माइकचं बटण सोडत नव्हता.

"फेक रे," तो म्हणत होता. "अजून एक फेक."